शेवटच्या थांब्यावरची नऊ मिनिटं

शिलाइनियाईच्या शेवटच्या थांब्यावर
मला नऊ मिनिटं मिळतात.
दोन पाय मोकळे करण्यात जातात, एक थर्मासमध्ये.
उरलेली सहा माझी.

कौनासमध्ये मी ट्रॉलीबस चालवते, एकवीस वर्षं.
यंदा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं :
बर्फ वितळायच्या आत एक गोष्ट. पूर्ण.
खाली बारीक अक्षरात :
दहा बोटांनी टाइप करायला शिकणे.
मुलगा, मिंदाउगास, हसला.
मग त्यानंच एक जुना कीबोर्ड आणून दिला,
'झ'ची कळ उडालेला.

आता आमच्या भाषेत
हिवाळा, मासा, माणूस, शब्द,
चौघंही त्याच अक्षरानं सुरू होतात.
म्हणजे माझ्या पानांवर आधी भोकं पडतात
आणि मग मी ती पेनानं भरत बसते, एकेक.

रात्री स्वयंपाकघरात
एकावन्न वर्षांच्या बोटांना बालवाडीत बसवते.
करंगळी ऐकत नाही.
अनामिका तिच्या नादी लागते.

गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात जण.
शिकवणारे व्हाइदोतास, जन्मभर मुद्रितं तपासलेले,
लाल पेन्सिल अजून कानावर.
मी चाळीस पानं नेली होती : समुद्र, वादळ, एक कप्तान.
त्यांनी चाळली, आणि विचारलं,
"तुमच्या बसला पायऱ्या किती?"

मी गप्प.
दिवसातून हजारदा मीच ते दार उघडते.

पहाटे डेपोत जाऊन मोजल्या.
माझ्या जुन्या श्कोडाला तीन.
मधली झिजून बशीसारखी झालीय.
कप्तान तिथेच बुडाला.

दर शनिवारी पहिल्या फेरीला एक म्हातारा चढतो,
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, निळी बादली.
नदीपाशी उतरतो.
दुपारी परत येतो, बादली रिकामी.
मी त्याच्यावर काय काय रचलं!
वारलेली बायको, बुडालेला मुलगा,
नदीशी केलेला कसला तरी करार.
सहा सहा मिनिटांत मी त्याला केवढं रडवलं.

शेवटी विचारलंच. "काहीच लागत नाही का हो?"
"लागतात की," तो म्हणाला. "काठावरच विकून टाकतो.
घरी नेले तर बायको पैसे मागेल."

हे मला बापजन्मी सुचलं नसतं.

हसू आवरत नव्हतं, त्यात वळण जरा जोरात घेतलं,
आणि वरचा दांडा तारेवरून सुटला.
बसमधले दिवे गेले. कोणीतरी चुकचुकलं.
मी हातमोजे चढवले, खाली उतरले,
मागचा दोर ओढून आंधळ्यासारखी तार शोधत राहिले.
ठिणगी उडाली, बसली.
जागेवर आले तर वाक्य गेलेलं.
म्हातारा कानात पुटपुटला,
"ते पैशांचं, ताई, कुठे बोलू नका."

मी तर ते लिहिणार होते.

तीन आठवडे त्या एका वाक्यानं झोप उडवली.
बादलीचा रंग बदलून पाहिला : हिरवी.
हिरव्या बादलीत तो खोटं बोलायला लागला.
परत निळी केली. नदी बदलली.
माशांच्या जागी खेकडे घातले, तेही काढले.
मग शनिवारी त्यालाच वाचून दाखवलं, शेवटच्या थांब्यावर,
इंजिन बंद, तो टोपी हातात घेऊन.
"बायको वाचते का?" त्यानं विचारलं.
म्हटलं, अजून कोणीच वाचत नाही.
"मग राहू द्या," म्हणाला,
"फक्त ते गिरमिट माझ्या भावाचं होतं, एवढं घाला."

गुरुवारी तीन पानं वाचली.
माणूस, मासा, हिवाळा, सगळे निळ्या शाईत.
व्हाइदोतासनी पेन्सिल कानावरून काढली,
धरून ठेवली,
कुठेच टेकवली नाही.
"मग?" म्हणाले.

बाहेर रस्त्यावर बर्फ होताच अजून.
गिरमिटाचं मी विसरले होते.